भोंग्याचा मास्तर

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव म्हादू. आईची केळीची बाग राखायची, एवढंच त्याचं काम. तो ते मनापासून करायचा. माकडं घड खायची आणि कुठल्या माकडाने किती खाल्ले ते म्हादू आईला खरंखरं सांगायचा.

आई वैतागली. "यंदा घड हाती लागले नाहीत तर बाग तोडते आणि तुला गुरांमागे धाडते!"

म्हादूला गुरांची फार भीती. त्याची झोप उडाली.

तेवढ्यात त्याची मामेबहीण हेमांगी परदेशातून शिकून आली. तिने बागेत बांबूवर एक यंत्र बसवलं. त्याला कॅमेऱ्याचा डोळा आणि मोठा भोंगा.

"दादा, हे अजून तान्हं आहे," ती चमकत्या डोळ्यांनी म्हणाली. "माणसाचं मन कसं शिकतं ते लोकांनी शोधून काढलं. तसंच आम्ही यंत्राला शिकवतो. माकड बघून हे ओरडलं की लगेच बक्षीस द्यायचं. तू याचा मास्तर."

म्हादूची छाती फुगली. माकड आलं. भोंगा ओरडला. म्हादूने लगेच भोंग्यात रव्याचा लाडू कोंबला. भोंग्याचा आवाज बसला.

"अरे दादा! यंत्राला बक्षीस म्हणजे हे हिरवं बटण. खाऊ जिवंत प्राण्याला. आणि चुकलं तर काही द्यायचं नाही. दुर्लक्ष करायचं. मग खोड आपोआप सुटते."

"असं होय," म्हादू म्हणाला.

संध्याकाळी आईने त्याला चुलीपाशी दुधावर लक्ष ठेवायला बसवलं. दूध उतू जायला लागलं. हे चुकतंय, म्हादूला कळलं. त्याने तोंड फिरवलं.

"मेल्या, बघत काय बसलास?"

"बघत नव्हतो गं. दुर्लक्ष करत होतो."

"चुकतंय असं दिसलं की पाण्याचा हबका मारायचा!"

"असं होय."

सकाळी शेजारच्या सुमनकाकू घोंगडी पांघरून आल्या. यंत्राला वाटलं माकड. भोंगा ओरडला. म्हादूने बादलीभर पाण्याचा हबका मारला. यंत्र ठिबकायला लागलं.

"मला माकड म्हणतो मेला!" काकू कडाडल्या.

"रागावू नका काकू, तान्हा आहे तो."

हेमांगीने यंत्र पुसलं, वाळवलं. "दादा, पाणी दुधाला, बटण यंत्राला, खाऊ जिवाला! आणि कुणीही बरोबर वागलं की बक्षीस तिथल्या तिथे. उशीर झाला तर ते कशाबद्दल मिळालं हेच कळत नाही."

"आता नाही चुकायचो," म्हादू म्हणाला. आणि खरंच, त्यानंतर तो एकदाही चुकला नाही. हेमांगी निर्धास्त होऊन काही दिवस शहरात गेली.

ती परत आली तेव्हा सगळा गाव भोंगा बघायला जमला. माकडाने कुंपणावरून उडी मारली. भोंगा ओरडला. माकड गर्रकन वळून बाहेर गेलं. टाळ्या पडल्या. "आत्या, बघितलंस?" हेमांगी म्हादूच्या आईकडे वळून म्हणाली. म्हादूने हिरवं बटण दाबलं.

मग डोंगरावरून सगळी माकडं धावत आली. एकेक आत उडी मारी, लगेच बाहेर उडी मारी. कुंपणापलीकडे सगळी ओळीने बसली आणि त्यांनी हात पुढे केले.

"दादा, हे काय?"

"तूच सांगितलंस ना? भोंगा वाजला की ती बाहेर जातात. बरोबर वागतात. त्यांना बटण असतं का ते मी शोधलं. एक चावलं. मग प्रत्येक वेळी केळं दिलं. तुझ्या यंत्रापेक्षा लवकर शिकली बघ. आता तर भोंग्याचीच वाट बघत असतात."

आई बागेत धावली. एकाही केळीला घड उरला नव्हता.

"अरे, माकडं स्वतः खायची तेव्हा निदान थोडे तरी उरायचे!"

पण म्हादूला ऐकायला सवड कुठली? माकडं बरोबर वागून बसली होती. उशीर होत होता. केळी संपली होती. लाडवांचा डबा घरात होता.

म्हादू धावत गेला, घराचं दार सताड उघडलं आणि मायेने म्हणाला, "या रे, या."