शेवंतीचे वेणीचे मोजे

बर्फाच्या डोंगराखाली, जिथं ऊन दुपारी जरासं डोकावून लगेच निघून जायचं, तिथं एका इवल्याशा लाकडी घरात शेवंती राहायची. घरात तिचे बाबा होते आणि धाकटी बहीण मिठू होती. आई मात्र नव्हती. पानगळीत तापानं ती गेली होती.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी मिठू अनवाणीच आईला शोधत बाहेर गेली. सापडली तेव्हा तिची गुलाबी पावलं निळी पडली होती. तेव्हापासून तिला उभं राहता येईना.

"शेवंते, तिला उभी करत जाऊ नकोस गं," बाबा म्हणाले. "दुखतं तिला. आता ती अशीच राहणार." आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते लाकडं तोडायला गेले.

शेवंतीनं आईची डाळिंबी शाल उसवली आणि मिठूसाठी मोजे विणायला घेतले. आई मोजे नेहमी बोटांपासून वर विणायची. म्हणायची, "लोकर कुठं संपेल सांगता येत नाही. बोटं तरी आधी झाकू देत." शेवंतीनंही तसंच केलं. आधी बोटं, मग तळवा, मग गोल टाच. दोन्ही मोजे घोट्यापर्यंत आले आणि शालीची लोकर उरली फक्त आवळ्याएवढी.

मिठू झोपली तेव्हा शेवंती विणकाम घेऊन देवदारांच्या रानात गेली. तिथं कुणी नसायचं, मोठ्यानं रडता यायचं.

तिथं एका फांदीखाली चंदेरी काहीतरी थरथरत होतं. मैनेएवढी परी! पंख मोरपंखी, झगा चांदण्यासारखा, पण चिमुकली पावलं पार गोठलेली.

"पाय गारठले की आम्हाला उडता येत नाही," परी क्षीण आवाजात म्हणाली. "ऊन गेलं की मी संपेन."

शेवंतीनं हातातल्या लोकरीकडे पाहिलं. आईचं एवढंच उरलं होतं. तरी तिनं सुयांवर टाके घातले आणि तांदळाच्या दाण्यांएवढ्या बोटांपासून सुरुवात करून पिटुकले मोजे विणले. लोकर संपली.

परीच्या गालांवर रंग चढला. "काय देऊ तुला? एक इच्छा माग."

"आई," शेवंती चटकन म्हणाली.

परीनं मान खाली घातली. "गेलेलं माणूस मागता येत नाही, बाळ."

शेवंती बर्फातच खाली बसली. मग ती म्हणाली, "मग मिठूला चालू दे."

"देते. पण ते तुझ्या हातानंच व्हायला हवं. मिठूच्या मोज्यांना वर वेणीची पट्टी विण. आणि विणलेलं काहीही उसवायचं नाही."

परीनं बर्फावरच्या उन्हातून एक सोनेरी धागा ओढला आणि तिच्या हाती दिला.

वेणीची वीण शेवंतीनं फक्त पाहिली होती. दोन टाके काडीवर घेऊन पुढे धरायचे, पुढचे दोन आधी विणायचे, मग काडीवरचे. बोटं बधिर झाली, तरी ती विणत राहिली. आणि दुसऱ्या मोज्याच्या पट्टीच्या मध्यावर चुकून काडी मागे गेली. वेणी उलटी वळली.

"चुकलं!" ती हुंदके देऊ लागली. "माझ्याच्यानं काहीच होत नाही. आईला पाणी पाजत बसले, तरी ती गेली. मिठूकडे बघायला हवं होतं, तेही राहिलं. आणि आता हे!"

धागा ओढून टाकावा असं तिला वाटलं. तिनं तो घट्ट धरलाही. पण मग डोळे पुसून ती तशीच पुढं विणत गेली.

घरी येऊन तिनं मोजे मिठूच्या पायांत घातले. परी खांद्यावर बसून पाहत होती.

काहीच झालं नाही.

शेवंतीनं ती गार पावलं छातीशी धरली. "माफ कर गं मिठू. माझी वेणी चुकली."

"ताई," मिठू म्हणाली, "गुदगुल्या होतायत."

डाळिंबी लोकरीच्या आत अंगठा हलला. मग सगळी बोटं हलली. मिठू पलंगावरून उतरली, धडपडली, भिंत धरून पुन्हा उठली.

"चुकलं तरी तू उसवलं नाहीस, थांबलीही नाहीस," परी शेवंतीच्या कानात म्हणाली. तिनं पंख उघडले. खोली मधासारख्या उजेडानं काठोकाठ भरली, आणि उजेड ओसरला तेव्हा खांदा रिकामा होता.

दारात बाबा उभे होते. मिठू भिंत सोडून त्यांच्याकडे निघाली, डुगडुगत. बाबांनी मोळी खाली टाकली, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पसरले.

त्यांच्या कुशीत शिरून मिठूनं मान वळवली. "ताई, तू पण ये ना!"

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच शेवंती बाबांच्या गळ्यात पडून रडली.