झाकलेला पडदा

एकदा मधुकरशेठ नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने आपल्या मुलीच्या वृद्ध शिक्षकांकडे सल्ला मागितला आणि त्या सल्ल्याला एक अट घातली.

मुलीचे नाव गौतमी. बारावी होऊन ती संख्याशास्त्र शिकायला मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात निघाली होती आणि तिला लॅपटॉप घ्यायचा होता. विंडोजचा घ्यावा, मॅक घ्यावा, की साधे यंत्र घेऊन त्यावर लिनक्स टाकावे, यावर घरात कितीतरी दिवस खल चालला होता. गौतमीचा कल मॅककडे होता. त्याच्या पडद्यावरची अक्षरे इतकी स्वच्छ दिसतात की डोळ्यांना ताण पडत नाही, असे ती म्हणे. अखेर मधुकरशेठ गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांकडे, खांबेटे सरांकडे, गेले. कोणती प्रणाली घ्यावी ते सरांनी मुलीला समजावून सांगावे, अशी त्यांची विनंती होती. मात्र तिच्या डोळ्यांचा विषय काढायचा नाही.

तो विषय असा होता. गौतमीचे दृष्टिपटल झिजत चालले होते. त्यावर औषध नव्हते. कॉलेजची वर्षे संपण्याच्या आतच तिची दृष्टी बहुतेक जाईल, असे नेत्रतज्ज्ञांनी मधुकरशेठना स्पष्ट सांगितले होते. त्या वेळी गौतमी बाहेरच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर मधुकरशेठनी तिला चष्म्याचा नंबर वाढल्याचे सांगितले आणि जवळच्या दुकानात नेऊन नवी चौकट निवडायला लावली. घरी त्यांनी पत्नीलाही हेच सांगितले. आपण बोललो नाही तर ती गोष्ट आणखी काही काळ घडणार नाही, अशी काहीतरी त्यांची समजूत झाली असावी. दुःखात माणसे अशा समजुती करून घेतात.

सरांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "मी तो विषय तोंडाने काढणार नाही. पण मुलीला घेऊन तुम्ही स्वतः या."

रविवारी सकाळी दोघे गेले. सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून तीन लॅपटॉप मागून आणले होते, तिन्ही प्रणालींचे एकेक. गौतमीने मोठ्या उत्साहाने तिन्ही उघडून पाहिले आणि कोणत्या पडद्याचे रंग कसे आहेत, अक्षर कुठे बारीक वाटते, हे ती सांगू लागली. सरांनी तिला पुरते बोलू दिले. मग ते उठले, आतून तीन पंचे घेऊन आले आणि एकेक पंचा एकेका पडद्यावर टाकला. पडदे पूर्ण झाकले गेले. खाली फक्त कळफलक उघडे राहिले.

"आता प्रत्येकावर मला एक छोटे पत्र लिही," सर म्हणाले, "आणि ते यंत्रात जपून ठेव. पंचा काढायचा नाही."

गौतमीला वाटले, सर गंमत करत आहेत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारी सोय तिन्ही यंत्रांवर आधीच सुरू करून ठेवली होती. तिने पहिल्या यंत्राच्या कळीवर बोट ठेवताच आतून एक भराभर बोलणारा आवाज आला आणि ती दचकली. तिला त्यातले काही कळेना. एक कळ दाबली की आवाज दुसरेच काही सांगे. भलतीच खिडकी उघडली जाई आणि ती बंद कशी करावी ते समजत नसे. दुसऱ्या यंत्रावर तेच झाले. तिसऱ्यावर तिने कशीबशी एक ओळ लिहिली, पण ती कुठे गेली हे तिला सापडले नाही. तिचे हात थांबले. ज्या मुलीने जिल्ह्यात गणिताचे पारितोषिक मिळवले होते, तिला एक ओळ जपून ठेवता येत नव्हती.

मधुकरशेठचा चेहरा उतरला होता. ते उठून म्हणाले, "सर, मी तुम्हाला एक विनंती केली होती."

"ती मी पाळली आहे," सर म्हणाले.

गौतमी दोघांकडे पाहत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि वडिलांकडे न बघता बोलू लागली. तिला सगळे माहीत होते. तपासणीच्या कागदावर रोगाचे नाव होते आणि तिने त्याच दिवशी ते शोधून वाचले होते. संध्याकाळी जिना उतरताना शेवटची पायरी तिला आताशा दिसत नसे, पायानेच चाचपावी लागे. बाजूने कोणी आले तर तो अंगावर येईपर्यंत कळत नसे. तिने हे कुणाला सांगितले नव्हते.

"तुम्ही चौकट निवडायला लावलीत ना बाबा, तेव्हा तुम्हाला माझ्याकडे बघवत नव्हते," ती म्हणाली. "म्हणून मी गप्प राहिले."

मधुकरशेठ खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. सरांनी त्यांना रडू दिले. मग सर गौतमीला म्हणाले:

"पडदा कोणाचा सुंदर, हे तू मला सांगत होतीस. ते खोटे नव्हते, पण ते आजच्या गौतमीचे उत्तर होते. हे यंत्र जिला अधिक काळ वापरायचे आहे, ती दुसरी गौतमी आहे. तिच्या वतीने इथे कोणी बोलत नव्हते. मी पडदे झाकले ते तिला बोलता यावे म्हणून. दृष्टी आहे तोवर भरपूर बघ. पण त्या वेळातला थोडा भाग, दृष्टी नसताना कसे वागायचे हे शिकण्यासाठी खर्च कर. अंधार झाल्यावर वाट शोधणे फार कठीण असते. उजेडात पायाखाली घातलेली वाट अंधारातही पायांना समजते."

मग निवडीचा विचार नव्याने सुरू झाला. विद्यापीठात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र होते. गौतमीने स्वतः तिथे फोन केला. आपली दृष्टी जाणार आहे, हे तिने अनोळखी माणसाला प्रथमच सांगितले. तिथली बरीच मुले विंडोज वापरत होती, त्यावर मराठी वाचणारा आवाज त्यांनी बसवून घेतला होता आणि तिच्या विभागातली सांख्यिकीची साधनेही त्यावरच चालत. इतर प्रणालींतही वाचणारा आवाज होताच. पण अडल्यावर विचारायला माणसे इथे होती. तिने विंडोजचा लॅपटॉप घेतला. मॅकचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

पहिले वर्ष ती रोज काही वेळ पडदा काळा करून काम करी. ते तिला आवडत नसे. अनेकदा ती संतापून मध्येच उठे. एकदा तिने सरांना फोन करून सांगितले की हा सराव म्हणजे रोज थोडे थोडे मरण्यासारखे आहे. सरांनी ते नाकारले नाही.

दुसऱ्या वर्षीच तिची दृष्टी गेली. खिडकीचा उजेड तेवढा कळे. या कथेत याहून वेगळे काही घडले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. ती कित्येक आठवडे वसतिगृहाच्या खोलीतून बाहेर पडली नाही. लॅपटॉप तिने उघडला नाही, जेवण परत पाठवले, सरांचे फोन घेतले नाहीत. कोणत्याही यंत्राने तिचे ते दुःख कमी केले नाही.

मधुकरशेठ तिला घरी न्यायला आले. तिची पेटी त्यांनी भरायला घेतली. ती पलंगावर बसून होती. पेटी अर्धी भरली तेव्हा तिने लॅपटॉप मागितला, मांडीवर घेतला आणि उघडला. तो भराभर बोलणारा आवाज खोलीत सुरू झाला. तिची बोटे क्षणभर घुटमळली आणि मग चालू लागली. राहून गेलेला प्रकल्प तिने शोधून काढला, शेवटचा परिच्छेद ऐकला आणि त्याच्यापुढे लिहू लागली. मधुकरशेठना त्या आवाजातले काही कळत नव्हते. हातातले कपडे घेऊन ते तसेच उभे राहिले.

"पेटी रिकामी करा बाबा," ती म्हणाली. "हे पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे."

त्यांनी एकेक कपडा पुन्हा कपाटात लावला, कोणता कोणत्या कप्प्यात ठेवला ते तिला सांगत. संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच परतले.

निवड करताना आपण बहुधा आज समोर दिसणाऱ्या स्वतःलाच विचारतो. पुढे ज्याला ती निभावायची असते, त्यालाही एकदा विचारावे.