पायरीची फुटकी कड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही. पण तेव्हाही म्हातारी माणसं म्हणायचीच, "आमच्या वेळी असं नव्हतं."

एका गावात उंच जोत्याचं एक घर होतं. जोत्याला चुनेगच्चीच्या पायऱ्या होत्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीची कड फुटली होती. आजची नव्हे, घरधन्याच्या आजोबांच्या वेळची. या घरधन्याला सारं गाव आबा म्हणायचं.

त्या घरात एक रीत होती. पायरी म्हणजे घराण्याची अब्रू, तिच्यावर घाव घालायचा नाही. म्हणून दर दिवाळीला आबा फुटक्या कडेवर ओला चुना थापायचे आणि वरून गेरू फिरवायचे. कड नव्यासारखी दिसायची. पाऊस लागला की पुन्हा ढासळायची.

एक दिवस त्या कडेवरून आबांची बायको भरल्या कळशीसकट खाली आली. पाय कायमचा अधू झाला. घरातले वडीलधारे ओसरीवर बसले, पान जमवलं आणि निकाल दिला, "तिचं लक्ष कुठं होतं?" मग दारावर लिंबू-बिब्बा टांगला आणि कडेवर आणखी चुना थापला.

मोठ्या माणसांचं हे असंच असतं. जिथं फुटलंय तिथं बोट ठेवायचं नाही, जो पडला त्याच्यावर ठेवायचं.

पाणी भरणं आता सुनेकडे आलं. ती गरोदर होती. रोज त्याच कडेवरून उतरायची. पाय टेकला की आतून बद्द आवाज यायचा आणि तिचा हात पोटावर जायचा.

ती म्हणाली, "मामंजी, ही कड आतून सुटलीय. आधी फोडा, मग भरा. चूल लिंपतानासुद्धा आपण सुटलेला पोपडा आधी खरवडतो. नाहीतर नवी माती धरत नाही."

आबा हसले. "सूनबाई, चूल वेगळी आणि घराण्याची पायरी वेगळी. आमच्या पिढ्यान् पिढ्या चुना लावत आल्या. त्या काय वेड्या होत्या?"

यावर खरं उत्तर दिलं तर उद्धट ठरायचं.

सुनेला बाळंतपणासाठी न्यायला माहेरचे येणार होते. पाहुण्यांना कड झकास दिसावी म्हणून आबा गेरू आणायला बाजारात गेले. सुनेनं वरवंटा उचलला, पायरीवर बसली आणि हाणला.

एका घावात कड निखळली. आत धड काहीच नव्हतं. पांढरा थर, तांबडा थर, पुन्हा पांढरा, पुन्हा तांबडा. साऱ्या दिवाळ्या एकावर एक, आणि मधोमध मुंग्यांचं बिऱ्हाड.

आबा परतले ते ओरडतच. "अगं, पाहुणे काय गोठ्यातून आणू?"

"आणा. गोठ्याची पायरी धड आहे."

आबांनी हात उगारला. तेवढ्यात काठी टेकत त्यांची बायको दारात आली. "इतकी वर्षं चुना लावलात. एकदा तरी कळशी घेऊन उतरलात का त्या कडेवरून?"

आबांचा हात खाली आला.

सुनेनं भगदाड टणक लागेपर्यंत खरवडलं, धूळ झाडली, पाणी मारलं. समोर फळी लावून तिला धोंडा टेकवला. चुना, वाळू आणि विटांचा चुरा कालवून आत ठासून भरला. वर ओलं गोणपाट टाकलं. पाहुणे खरंच गोठ्यातून आले. शेजारी खिदळले, "आबा, व्याह्यांना शेण तुडवायला लावलंत की!"

जाताना सून सासूला म्हणाली, "आत्याबाई, हे सुकू देऊ नका आणि कुणाला पाय ठेवू देऊ नका."

सासू तिथंच ठाण मांडून बसली. गोणपाट भिजवत राहिली. कोंबडी आली तरी काठी, आबा आले तरी काठी.

काही महिन्यांनी सून बाळ घेऊन परतली. पायरीशी तिला थांबवून सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबांना धीर कुठला? त्यांनी बाळ उचललं आणि घाईघाईनं वर चढले. टाच नेमकी कडेवर पडली. सगळा भार तिथंच.

कड हलली नाही.

आबा थबकले. खाली पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं. ही कड दिवाळीच्या चुन्याची असती तर काय झालं असतं, ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पण तोंडून शाबासकी निघाली नाही. ती एवढ्यात निघत नसते.

त्यांनी बाळ बायकोकडे दिलं, आत गेले आणि वरवंटा घेऊन बाहेर आले. दुसऱ्या पायरीवर बसून त्यांनी कड ठोकून पाहिली. बद्द आवाज आला.

आबांनी वरवंटा उचलला आणि सगळ्या गावादेखत घाव घातला.

तात्पर्य: सुटलेलं आधी पाडावं लागतं, मगच नवं धरतं; जे घर फुटकी कड रंगवून झाकतं, ते आपल्याच माणसांना पाडतं.