मुखवट्याची आतली बाजू

फार पूर्वी एका डोंगरातल्या देवळाच्या माळ्यावर उत्सवाचे मुखवटे राहत असत. जुन्या मुखवट्यावर कागदाचा ओला लगदा थापायचा आणि तो वाळला की नवा मुखवटा सोडवून घ्यायचा, अशी तिथली रीत होती.

वेताळाचा नवा मुखवटा असाच जन्मला. जुना वेताळ त्याला न्याहाळून म्हणाला, "डोळे माझ्याहून मोठे केलेस रे! शोभतात हो. मीही असाच कुणाच्या तरी तोंडावरून उतरलो. उद्या तुझ्यावरून कुणी उतरेल."

"माझा चेहरा माझा आहे, आजोबा," नवा फणकारला.

रीतीप्रमाणे जुन्या वेताळाचे डोहात विसर्जन झाले. त्या दिवसापासून नव्याला आपल्या पोकळीत कुणीतरी श्वास घेत असल्याचा भास होऊ लागला. त्याने शेजारच्या देवीच्या मुखवट्याला विचारले.

ती म्हणाली, "तुझ्या आतल्या बाजूला आजोबांचा चेहरा उमटलाय. तो तुझ्याकडेच बघतोय."

नवा हादरला. त्याने तुळईतल्या वाळवीला बोलावले. "आतून खा. त्याचं असेल तेवढंच खा. माझं लागलं की थांब."

वाळवीने नाक खाल्ले, भुवया खाल्ल्या, गाल खाल्ले.

"लागलं का माझं?"

"अजून नाही, देवा."

श्वास ऐकू येतच होता. "मग खात राहा," नवा म्हणाला.

उत्सवाच्या सकाळी पुजाऱ्याने नमस्कार करून वेताळाला उचलले. त्याच्या हाती रंगाचा पापुद्रा आला, आणि त्यावरच्या दोन मोठ्या डोळ्यांचा पाहता पाहता चुरा झाला. त्या वर्षी देवापुढे वेताळ नाचला नाही.

तुळईतून मात्र बारीक आवाज येत राहिला, "अजून लागलं नाही, देवा."