वॉरंटीचा ताईत

विषय : लॅपटॉपचा प्रोसेसर घरी बदलला असता वॉरंटी राहते किंवा कसे.

संदर्भ : श्री. उन्मेष काळमेघ, कंत्राटी नकाशा-आरेखक, यांचा लॅपटॉपच्या कंपनीकडे करावयाचा अर्ज.

उपरोक्त विषयी घडले ते असे.

“यात माझी सही कशाला हवी तुला?” मिस्कीनशा बाबांनी विचारलं.

बाबा फकीर; गावाबाहेरच्या तकियात, आपल्या मठीत, राहत, लोकांना ताईत करून देत. तालुक्यात त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे. उन्मेषला तोच शब्द हवा होता. लेखी.

त्याने सगळं सांगितलं. कंपनीने बसवलेला प्रोसेसर त्याला मंद वाटला, म्हणून त्याने लॅपटॉप स्वतः उघडून वेगवान प्रोसेसर बसवला. आठ दिवस झकास चालला. नवव्या दिवशी आतला बोर्ड जळाला. वॉरंटीचे सात महिने बाकी होते. पण तळाच्या एका स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का होता, तो निघाला की वॉरंटी संपली. उन्मेषने शिक्का वाफेवर अलगद सोडवला होता. आता जुना प्रोसेसर परत बसवून शिक्काही जागच्या जागी चिकटवला होता. कंपनीला एवढंच प्रतिज्ञापत्र हवं होतं : यंत्र मूळ अवस्थेत आहे. खाली एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष.

महिनाअखेर नकाशे गेले नाहीत तर कंत्राट वाढणार नव्हतं, आणि नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती.

“शिक्का असा बसवलाय, बाबा, की ज्याने केला त्यालाही कळणार नाही.”

हे सांगताना तो थोडा खूशही दिसला.

बाबांनी हात पुढे केला.

“गेल्या वर्षी तुला नोकरीसाठी ताईत दिला होता. बघू.”

उन्मेषने दंडावरचा ताईत सोडून बाबांच्या हातात दिला. बाबांना दिसायचं कमी. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“मी डावखुरा आहे, बेटा. माझी गाठ डावीकडे पडते.”

उन्मेषने बाही खाली ओढली.

मग कबूल झाला. आतला मजकूर किती ताकदीचा आहे ते पाहावं म्हणून त्याने ताईत उसवला होता. आत घडी घातलेला कागद निघाला. त्याऐवजी त्याने इंटरनेटवरून अधिक गुणकारी मजकूर शोधला, बारीक टाइपात छापून आत घातला आणि ताईत पुन्हा शिवला.

“आणि रागवायचं तर मी रागवायला हवं,” तो म्हणाला. “तुमचा कागद कोरा होता.”

“तू उसवेपर्यंत नव्हता.”

बाबांनी प्रतिज्ञापत्र आणि पेन मागून घेतलं. पाठ फिरवली. कागदाची घडी केल्याचा आवाज आला, मग बराच वेळ सुईदोरा चालला. वळले तेव्हा हातात हिरव्या कापडात शिवलेली, काळ्या दोऱ्याची लहानशी पुडी होती.

“हे असंच दे कंपनीला.”

उन्मेषने पुडी उलटसुलट करून पाहिली. उजेडासमोर धरली. कापड जाड होतं.

“पण सही केलीत ना, बाबा?”

“कागद मूळ अवस्थेत आहे.”

पुडी श्री. काळमेघ यांच्या वरच्या खिशात आहे. गाठ डावीकडची आहे. महिना संपायला चार दिवस उरले आहेत.

अर्ज प्रलंबित.