सनईवाल्याने राखून ठेवलेली धून

“दुखत नाही, तर दाखवायचं काय? माझं डोकं?”

“तेही दाखवा. पण आधी दात.”

एका गावातला सनईवाला आणि त्याची बायको असे भांडत होते, आणि भांडण आजचं नव्हतं. सकाळी चूळ भरताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं. बायको म्हणायची, बाजाराच्या गावी दातांची डॉक्टरीण बसते, तिला दाखवून या. तो म्हणायचा, वाजवणाऱ्याने परक्याचा हात तोंडाला लागू देऊ नये, फुंक जाते. हे त्याला बापाने सांगितलं होतं आणि बापाला आज्याने. आज्याच्या तोंडाचं भर उमेदीत बोळकं झालं होतं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दाढ ठणकली की तो लवंग धरायचा, वर मिसरी घासायचा. कळ थांबली म्हणजे दुखणं गेलं, अशी त्याची समजूत.

सनईची गोष्ट वेगळी. लग्नसराई संपली की ती मऊ धोतरात गुंडाळून तो कारागिराकडे न्यायचा.

“चांगली तर वाजतेय. बिघडलंय काय?” कारागीर विचारायचा.

“बिघडल्यावर आणू? ऐन मांडवात सूर फाटला म्हणजे?”

त्याला एकच लेक. लहानपणी ती पायरीवर बसून ऐकायची आणि बजावायची, “बाबा, माझ्या लग्नात दुसरा कुणी नको हं. तूच वाजव.” दुसऱ्यांच्या लेकी सासरी धाडताना तो मनात हिचीच पाठवणी वाजवत असे. तिच्यासाठी एक धून त्याने राखून ठेवली होती. कुठल्याच मांडवात ती वाजवली नव्हती.

लेकीचं लग्न ठरेतो पुढचे दात हलू लागले. दुखत नव्हतेच. हळदीच्या दिवशी भाकरी तोडताना दोन दात भाकरीतच राहिले. त्याने सनई तोंडाला लावली, पण ओठाला मागून आधार नव्हता. वारा बाजूने निसटला.

मांडवात शेजारगावचा सनईवाला बसला. बिचारा वाजवत होता चांगलं. लेक निघाली ती वळून वळून वाजवणाऱ्यांकडे बघत. तिथेच बाप मांडीवर मुकी सनई घेऊन बसला होता. राखलेली धून नुसती बोटांत हलत होती.

पुढच्या बाजाराला बायकोने गाडी जुंपली. “चला, उरलेले दात तरी वाचवू.”

“आता कुणासाठी? वाजवायचा दिवस गेला.”

“दिवाळसणाला लेक येईल, ती काय तुमचं बोळकं बघायला?”

“तुला टोमणे सुचतात. माझ्या कानातून ती धून जात नाही.”

“माझ्याही जात नाही. झोपेत गुणगुणता तुम्ही.”

मग ती आणखी एकच वाक्य बोलली आणि इतक्या वर्षांचं भांडण मिटलं. सनईवाला मुकाट्याने गाडीत बसला. तेव्हापासून सनई कारागिराकडे निघाली की तो डॉक्टरणीकडेही जातो, दुखत नसलं तरी जातो. तात्पर्य मी वेगळं कशाला सांगू? ती म्हणाली तेच:

“सनई बिघडण्याआधी दाखवत आलात म्हणून ती अजून धड आहे, आणि तोंड बिघडल्यावर दाखवू म्हणालात म्हणून आपली लेक दुसऱ्याच्या सुरावर सासरी गेली.”