टिटवीची नवी हाक

फार पूर्वी माळावरच्या पाखरांना दोनच हाका ठाऊक होत्या. 'साप' ऐकलं की उडायचं, 'ससाणा' ऐकलं की जमिनीला चिकटायचं. मग शिकाऱ्याने बाभळींमध्ये जाळं ताणलं. ते पाहून टिटवीने नवी हाक घडवली आणि आधी तितराला ऐकवली.

"चिर्रक! म्हणजे उडू नका, पायीच पळा."

म्हातारा तितर खेकसला, "वाडवडिलांनी कधी काढली होती असली हाक? गप बस!"

टिटवी गप बसली. पोटच्या पिल्लांनाही तिने ती शिकवली नाही.

सकाळी शिकारी आला. टिटवी जीव तोडून "चिर्रक!" ओरडली, पण बाकी पाखरांना ती कळेना. झुडपात दबलेला तितर जुनीच हाक ओरडला, "साप!" सगळी भुर्रकन उडाली ती थेट जाळ्यात, टिटवीची पिल्लंही.

आता टिटवीच्या रिकाम्या घरट्यासमोर तितर नव्या पिल्लांना चिर्रक शिकवतो.

"नीट म्हणा रे," तो दरडावतो, "वाडवडिलांची हाक आहे ती!"